नऊ महिने परदेशी जातोय, मुलीची खासगी शाळेतली जागा राखायची आहे. दाखला काढावा का?

बाणेरची_आई

नमस्कार. मुलगी पुण्यात खासगी विनाअनुदानित सीबीएसई शाळेत चौथीत आहे, वय साडेनऊ. नवऱ्याची कंपनी त्यांना इंग्लंडमध्ये लीड्सला पाठवते आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघंही जाऊ आणि मेच्या मध्यावर परत येऊ. जूनमध्ये तिला याच शाळेत पाचवीत बसवायचं आहे.

शाळेच्या ऑफिसात तीन जणांकडून तीन उत्तरं मिळाली. पहिलं, वर्षाची सगळी फी भरा, नाव पटावर राहील. दुसरं, दाखला काढा, परत आल्यावर जागा असली तर घेऊ, पण प्रवेश शुल्काचे ४५,००० पुन्हा भरावे लागतील. तिसरं, जागा राखण्याचे ३०,००० रोख द्या, बाकीची फी नको. या तिसऱ्याची पावती मिळेल का विचारलं, तर "ते नंतर बघू" म्हणाले.

फी अशी आहे: शिकवणी शुल्क वर्षाला ९०,००० (चार हप्ते), सत्र शुल्क १४,००० (दोन हप्ते), बस महिना २,६०० आणि जेवण महिना १,८००, दोन्ही दहा महिन्यांचं. जूनचे हप्ते भरून झालेत.

यातलं काय करावं? पूर्ण फी मागणं कायदेशीर आहे का? आणि तिकडच्या शाळेला दाखला लागतो का?

पटसंख्या

दाखला काढू नका. बाकी सगळं बोलणीचं आहे, ही एक गोष्ट नाही.

शाळेतली जागा भरलेल्या पैशावर टिकत नाही, ती जनरल रजिस्टरवरच्या (शाळेतल्या प्रत्येक मुलाची क्रमांकासह नोंद असलेल्या वहीतल्या) नावावर टिकते. दाखला दिला की रजिस्टरमध्ये शाळा सोडल्याची तारीख आणि कारण लिहिलं जातं आणि तो क्रमांक बंद होतो. जूनमध्ये तुम्ही त्या शाळेसाठी नव्या अर्जदार ठरता. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत एका तुकडीला साधारण ४० मुलांची मर्यादा आहे. पाचवीत आधीच्या वर्गातली मुलं वर चढतात, नवी तुकडी क्वचित निघते, त्यामुळे रिकामी झालेली एक जागा दिवाळीपर्यंतही टिकत नाही. शाळा पूर्ण फी मागते त्याचं कारणही हेच आहे. तुमच्या मुलीचं नाव राहिलं तर त्या चाळीसातली एक जागा नऊ महिने दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

आता तुमचाच हिशोब मांडू. दाखला काढला तर शिकवणी शुल्काचे उरलेले तीन हप्ते ६७,५०० आणि सत्र शुल्काचा दुसरा हप्ता ७,००० असे ७४,५०० वाचतात. जूनमध्ये प्रवेश शुल्काचे ४५,००० जातात. निव्वळ बचत २९,५००, आणि तीही जागा मिळाली तर.

नाव ठेवलं तर बस आणि जेवणाचे पैसे मात्र अजिबात भरू नका. ती सेवा आहे, वापरली नाही तर आकारायचं कारण नाही. आठ महिन्यांचे बसचे २०,८०० आणि जेवणाचे १४,४००, म्हणजे ३५,२०० इथेच सुटतात. दाखला काढून वाचणाऱ्या रकमेशी त्याची तुलना करू नका, कारण ते पैसे दोन्ही वाटांनी वाचतात. पण शाळेने "सगळी फी" म्हटलं की अनेक पालक हेही भरून बसतात. बस बंद करण्याचा अर्ज वेगळा द्यावा लागतो आणि बहुतेक ठिकाणी एक महिना आधी. म्हणजे तो अर्ज आजच द्या.

मुख्याध्यापकांच्या नावे दीर्घ रजेचा अर्ज द्या. "जागा राखून ठेवावी" एवढंच लिहिलं तर त्याला काही अर्थ राहत नाही. अर्जात हे सगळं यायला हवं: मुलीचं नाव, इयत्ता, तुकडी, जनरल रजिस्टर क्रमांक आणि पेन क्रमांक (यूडायस प्लस या सरकारच्या ऑनलाइन विद्यार्थी नोंदणीत प्रत्येक मुलाला मिळणारा अकरा अंकी क्रमांक), अनुपस्थितीची सुरुवात आणि शेवट, तारखेसह, कारण, सोबत कंपनीचं नेमणूक पत्र, या काळात नाव पटावर कायम ठेवावं आणि दाखला देण्यात येऊ नये ही विनंती, तिकडच्या शाळेच्या प्रगती अहवालाच्या आधारे चौथीतून पाचवीत वर्गोन्नती द्यावी ही विनंती, कोणती फी भरणार, कोणत्या तारखांना, आणि कोणती भरणार नाही, जूनमध्ये हजर होण्याची तारीख. अर्जाची प्रत जावक-आवक क्रमांक आणि शिक्क्यासह परत घ्या. मग शाळेचं मंजुरीपत्र लेटरहेडवर मागा. अर्जावर "मंजूर" असा शेरा आणि सही मिळाली तरी चालेल, पण शेऱ्यात परतीची तारीख आणि "इ. ५ वी" हे शब्द हवेत. मुख्याध्यापक मार्चमध्ये बदलून गेले तर तोंडी आश्वासन त्यांच्याबरोबर जातं.

गडबड नेमकी कुठे होते तेही सांगते. फी सॉफ्टवेअरमध्ये दोन हप्ते थकले की काही ठिकाणी नाव आपोआप "निष्क्रिय" यादीत जातं. म्हणून हप्ते कधी हे पत्रात ठरवा आणि ऑनलाइन भरा. दुसरी गडबड वर्षअखेरीस. यूडायस प्लसवर प्रत्येक मुलाची वर्गोन्नती नोंदवताना निकाल, टक्के, हजेरीचे दिवस आणि "याच शाळेत शिकत आहे / दाखला घेऊन गेला / दाखला न घेता गेला" यातला पर्याय भरावा लागतो. हे काम बहुधा वर्गशिक्षक किंवा डेटा ऑपरेटर करतो. त्याला हजेरीपत्रकात ऑगस्टपासून सलग गैरहजेरी दिसते आणि तो "दाखला न घेता गेला" निवडतो. मग मूल ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या यादीत, जातं. तिथून पेन क्रमांक आणि जन्मतारीख टाकून परत ओढता येतं, पण जूनच्या घाईत ते काम आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. मंजुरीपत्राची एक प्रत वर्गशिक्षकांना आणि एक ऑपरेटरला स्वतः नेऊन द्या. कार्यालयातली फाईल ते दोघं उघडत नाहीत.

कलम_आणि_कागद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. कायद्याचा भाग जोडतो.

गैरहजर राहिल्याबद्दल फी कमी करून मागण्याचा हक्क महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यात दिलेला नाही. त्यामुळे शाळा पूर्ण शिकवणी शुल्क मागत असेल तर ते बेकायदा नाही. सवलत मिळाली तर ती शाळेच्या समजुतीने. मात्र शाळेला घेता येते ती फी मंजूर झालेलीच. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे व्यवस्थापनाने प्रस्ताव ठेवायचा, समितीने मान्यता द्यायची आणि ती फी दोन शैक्षणिक वर्षांसाठी बांधील राहते. मंजूर शुल्काचा तक्ता सूचना फलकावर लावावा लागतो. त्याचा फोटो काढा. "जागा राखण्याचे" असं कोणतंही शीर्षक त्यात सापडणार नाही.

म्हणून ते ३०,००० रोख हे प्रकरण इथेच थांबवा. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार जाहीर केलेल्या फीखेरीज घेतलेली कोणतीही देणगी, वर्गणी किंवा रक्कम कॅपिटेशन, म्हणजे प्रवेशासाठीची बेकायदा देणगी, ठरते. कलम १३ ने ती घ्यायला मनाई आहे आणि घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा वेगळा आहेच. पण तुमच्या दृष्टीने खरी अडचण दुसरी आहे. पावती नाही म्हणजे जूनमध्ये हातात काहीच नाही. शिवाय बाकीचे हप्ते सॉफ्टवेअरमध्ये थकीत दिसत राहतील आणि ज्यांनी पैसे घेतले त्यांनाही ते पुसता येणार नाहीत.

प्रवेश शुल्क दुसऱ्यांदा घेण्याबद्दल: दाखला काढून पुन्हा आलात तर शाळा त्याला नवा प्रवेश म्हणेल आणि तक्त्यात ते शीर्षक असेल तर घेईल. नाव पटावर असेल तर प्रवेश शुल्काचा प्रश्नच येत नाही. अर्जात "पुनर्प्रवेश" हा शब्द चुकूनही वापरू नका, "रजेनंतर हजर" असं लिहा.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ चा आधार घेऊन काही पालक निर्धास्त राहतात. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे खरं. पण काहीही न कळवता महिनोनमहिने गैरहजर असलेल्या मुलाचं नाव कमी करणं म्हणजे काढून टाकणं नव्हे, असं शाळा म्हणते. ते खोडायला तुम्हाला शिक्षणाधिकाऱ्यांकडे हेलपाटे घालावे लागतील, तेही परदेशातून. तसंच कलम ५ मधला शाळा बदलण्याचा हक्क सरकारी आणि अनुदानित शाळांत जाण्यापुरता आहे. सोडून दिलेल्या खासगी विनाअनुदानित शाळेत परत जागा मागण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. लेखी मंजुरी घ्या, कलमं मागे ठेवा.

पेनाईन_पुणेकर

इंग्लंडची बाजू. दाखला लागत नाही. तिथल्या सरकारी शाळेला भारतातला शाळा सोडल्याचा दाखला ही गोष्टच माहीत नसते. वडिलांच्या व्हिसावर अवलंबून म्हणून येणाऱ्या मुलाला सरकारी शाळेत शिकता येतं, फी नसते. कागद लागतात ते पासपोर्ट, व्हिसाची स्थिती दाखवणारा पुरावा आणि मुख्य म्हणजे राहत्या पत्त्याचा पुरावा. शाळेकडून बोनाफाईड आणि तिसरीचा प्रगती अहवाल इंग्रजीतून घेऊन ठेवा, एवढं पुरे.

वर्षाच्या मधल्या प्रवेशाचा अर्ज नगर परिषदेकडे किंवा थेट शाळेकडे करायचा. कुठे काय चालतं ते त्या परिषदेच्या संकेतस्थळावर असतं. इंग्लंडच्या शालेय प्रवेश संहितेनुसार निकाल १० शालेय दिवसांत कळवण्याचा प्रयत्न करायचा असतो आणि १५ शालेय दिवसांत कळवावाच लागतो. यातला "शालेय" शब्द महत्त्वाचा. तुम्ही ऑगस्टमध्ये पोचता तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते, ते दिवस मोजले जात नाहीत. म्हणून सप्टेंबरचे पहिले दोन-तीन आठवडे मुलगी घरी राहू शकते, तशी तयारी ठेवा. जवळची शाळा भरलेली असेल तर लांबची मिळते, त्यामुळे घर भाड्याने घेण्याआधी परिसरातल्या दोन-तीन शाळांना तिच्या वयाच्या वर्गात जागा आहे का, असा ईमेल टाकून बघा.

आणि इथेच सगळ्यात मोठा गोंधळ होतो. तिथे वर्ग वयावर ठरतो, ३१ ऑगस्टला मुलाचं वय किती ते बघून. तुमची मुलगी तेव्हा नऊ पूर्ण असेल, म्हणून ती "इयर फाइव्ह" मध्ये बसेल. आपल्याकडची चौथी ती तिकडची इयर फाइव्ह. परत आल्यावर पुण्यातल्या क्लार्कला अहवालावर पाच दिसतं आणि तो विचारतो, पाचवी झाली मग सहावीत बसवायचं का? किंवा उलट, अहवाल मेमधला आहे, वर्ष जुलैत संपतं, म्हणजे पाचवी अर्धवट राहिली, असं म्हणतो. मंजुरीपत्रात इयत्ता आधीच लिहून घ्यायला वर सांगितलंय ते अगदी योग्य आहे. त्यात एक वाक्य वाढवा: "इंग्लंडमधील इयर फाइव्ह हा वर्ग वयानुसार भारतातील इ. ४ थीशी समकक्ष आहे."

निघताना तिथल्या शाळेला शेवटचा दिवस, भारतातला पत्ता आणि इथल्या शाळेचं नाव लेखी कळवा. न सांगता मूल येईनासं झालं तर शाळेला आणि परिषदेला ते मूल कुठे गेलं याचा शोध घ्यावा लागतो, आणि तुम्हाला ईमेल येत राहतात. मेच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र मागा: कधीपासून कधीपर्यंत शिकली, हजेरी, कोणता वर्ग. वर्षअखेरचा अहवाल तिकडे जुलैत निघतो, तोवर तुम्ही पुण्यात असाल. त्यामुळे हे पत्र आणि वसंत सत्राचा अहवाल हेच तुमचे कागद.

बाणेरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्ज उद्याच देते. दोन शंका. कंपनीचं काम लांबलं आणि परतणं मेऐवजी सप्टेंबरवर गेलं तर? आणि चौथीची वार्षिक परीक्षा न दिल्याने अडेल का?

पटसंख्या

चौथीला अडणार नाही. परीक्षेवरून मागे ठेवण्याची मुभा २०१९ च्या केंद्राच्या दुरुस्तीनंतर फक्त पाचवी आणि आठवीला आहे, आणि तिथेही आधी दोन महिन्यांत फेरपरीक्षा द्यावी लागते. चौथीला शाळा परीक्षेशिवाय वर्गोन्नती दाखवू शकते. यूडायस प्लसवर तसा वेगळा पर्यायच आहे. ऑपरेटरला तोच निवडायला सांगा, टक्क्यांचा रकाना मनाने भरू देऊ नका.

लांबलं तर मात्र विचार करून वागा. जून उलटला की तुम्ही नव्या शैक्षणिक वर्षात येता आणि जुनं मंजुरीपत्र संपतं. शिवाय पुढचं वर्ष पाचवीचं. सप्टेंबरमध्ये आली तर पहिली चाचणी बुडेल, वार्षिक परीक्षा मिळेल, हे चालण्यासारखं आहे. पण मुदतवाढीचा अर्ज मार्चमध्येच ईमेलने द्या आणि पाचवीचा पहिला हप्ता वेळेवर भरा. एप्रिल-मेमध्ये शाळा पुढच्या वर्षाच्या रिकाम्या जागा मोजून प्रतीक्षा यादीतल्या पालकांना फोन करते. त्या मोजणीच्या आधी तुमचा हप्ता जमा हवा.

सातारा_रोड

थोडा वेगळा मुद्दा मांडतो, कारण हा धागा वाचून इतरही पालक ठरवतील. नाव ठेवण्याचा सल्ला एका शैक्षणिक वर्षापुरताच योग्य आहे. दोन वर्षं किंवा अनिश्चित काळासाठी जाणार असाल तर दाखला काढणंच प्रामाणिक आणि स्वस्तही. एवढा काळ शाळा फी घेऊन नाव ठेवायला तयार झाली तरी हजेरीपत्रकावर न शिकवलेलं मूल दाखवत राहणं शाळेला अडचणीचं ठरतं. अशा वेळी प्रवेश शुल्क परत मिळत नसलं तरी अनामत रक्कम मिळते. दाखल्याच्या अर्जासोबतच तिची मूळ पावती जोडा.

नववीपासून तर हा मार्ग जवळपास बंदच. सीबीएसईत नववीत नोंदणी होते, नववी-दहावी आणि अकरावी-बारावी हे दोन-दोन वर्षांचे जोड अभ्यासक्रम आहेत, आणि बोर्डाच्या परीक्षेसाठी ७५ टक्के हजेरी लागते, ती १ जानेवारीपर्यंतची मोजतात. कमी हजेरी माफ करण्यासाठी गंभीर आजारपण, पालकांचा मृत्यू, राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा अशी कारणं पुराव्यासह लागतात. आई-वडिलांची परदेशातली नेमणूक त्यात बसत नाही. नववीतलं किंवा दहावीतलं मूल असेल तर एका पालकाने इथे थांबणं किंवा आजी-आजोबांकडे ठेवणं, याशिवाय दुसरा सुरक्षित पर्याय मला दिसत नाही.

हडपसर_११

आम्हाला सहा महिन्यांसाठी बंगळूरला जायचंय, मुलगा दुसरीत आहे, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) राखीव २५ टक्के जागांतून प्रवेश मिळालेला. हेच लागू होईल का?

कलम_आणि_कागद

नाही, तुमचं प्रकरण वेगळं आहे, घाई करू नका. इंग्लंडची शाळा यूडायसवर नसते, म्हणून बाणेरच्या ताईंच्या मुलीचं नाव पुण्यात राहू शकतं. बंगळूरची शाळा मात्र प्रवेश देताना त्याच पेन क्रमांकाने मूल आपल्याकडे ओढेल, आणि एक मूल एका वेळी दोन शाळांत सक्रिय राहू शकत नाही. तिथे रीतसर प्रवेश घेतलात की पुण्यातलं नाव गेलं. आणि २५ टक्क्यांची जागा एकदा सुटली की परत मिळत नाही. सोडत फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गाला होते, दुसरी-तिसरीला नाही. म्हणजे आठवीपर्यंतचं मोफत शिक्षण सहा महिन्यांसाठी जाईल. शक्य असेल तर मुलाला पुण्यात नातेवाइकांकडे ठेवा, किंवा बंगळूरला नव्या शाळेत नाव न घालता पुण्यातल्या शाळेकडून रजा लेखी मंजूर करून घ्या आणि तिचीच पुस्तकं घरी शिकवा. शाळेला अशा मुलाची फी सरकारकडून येते, त्यामुळे दीर्घ गैरहजेरी ती सहज मान्य करत नाही. आधी मुख्याध्यापकांना भेटा, मग तिकिटं काढा.

पेनाईन_पुणेकर

बाणेरच्या ताईंसाठी राहिलेल्या दोन गोष्टी. कंपनीच्या एचआरला विचारा. काही कंपन्यांच्या परदेशी नेमणुकीच्या धोरणात भारतातली शाळेची जागा राखण्याचा खर्च मिळतो, पण त्यासाठी शाळेचं मंजुरीपत्र आणि हप्त्यांच्या पावत्या लागतात, आणि निघण्याआधी अर्ज करावा लागतो. पावतीवर "शिकवणी शुल्क" असंच लिहून घ्या. जुन्या करप्रणालीत असाल तर वजावट शिकवणी शुल्कालाच मिळते, देणगी किंवा विकास निधीला नाही.

दुसरी, मराठी. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे आणि नऊ महिने तिकडे राहिलेली मुलं पाचवीत याच विषयात अडखळतात. गणित, विज्ञान भरून निघतं. चौथीची मराठी आणि हिंदीची पुस्तकं आणि कार्यपुस्तिका सामानात न्या. एनसीईआरटीची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत आहेत, पण तुमच्या शाळेत खासगी प्रकाशनाची मराठी असेल तर ती तिकडे मिळणार नाही. वर्गशिक्षकांकडून दर सत्राचा पाठ्यक्रम ईमेलने मागवा, आणि आठवड्यातून दोनदा अर्धा तास शुद्धलेखन आणि प्रकट वाचन ठेवा.